ऐतिहासिक वास्तूंची हेतुपुरस्सर उपेक्षा : कारणे व उपाय

वास्तू दोन प्रकारे नष्ट होते : पाडल्याने आणि पडू दिल्याने. पाडण्यासाठी परवानगी लागते. पडू देण्यासाठी लागत नाही. कौल फुटते, पावसाचे पाणी वाशांत मुरते, तुळई कुजते, भिंतीत पिंपळ रुजतो. अखेर इमारत धोकादायक ठरते आणि लोकांच्या जीविताच्या रक्षणासाठी तिला पाडण्याचा आदेश निघतो. जे मागून मिळाले नसते, ते उपेक्षेने साध्य होते.

मुंबईतील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये घडविलेल्या लोखंडी सांगाड्यावर ते १८६०च्या दशकात उभे राहिले. २००५ साली त्याचा काही भाग कोसळला; २०१९ साली ते धोकादायक म्हणून रिकामे करण्यात आले. अशा इमारतींच्या दुरवस्थेस नेहमीच दुष्ट हेतू कारणीभूत असतो असे नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्तीचा खर्च मालकास परवडेनासा झाला. म्हणून असमर्थता व हेतुपुरस्सर उपेक्षा यांत भेद करणे, हे प्रशासनाचे पहिले कर्तव्य ठरते. असमर्थास साहाय्य हवे. हेतुपुरस्सर उपेक्षा करणाऱ्यास त्यातून लाभ होता कामा नये.

इंग्लंडच्या १९९० च्या कायद्यात हे तत्त्व स्पष्ट दिसते. तेथे मालकास दुरुस्तीची नोटीस देता येते. ती न पाळल्यास वास्तू संपादित करता येते आणि उपेक्षा हेतुपुरस्सर असल्याचे ठरल्यास किमान भरपाईच दिली जाते. मुंबईत १९९५ साली लागू झालेल्या वारसा नियमावलीने वास्तूंच्या श्रेणी ठरविल्या आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकांना विकास हक्क हस्तांतरणाची सोय दिली.

लहान गावांतही हा प्रश्न आहे. आगर व डहाणूच्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंड गंजविते आणि मुसळधार पाऊस छपराची परीक्षा घेतो. खाडीकाठचा डहाणूचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. पुढे तो सरकारी कचेऱ्यांसाठी वापरात आला. वापरातील वास्तूकडे रोज कोणाचे तरी लक्ष असते. बंद वास्तूकडे नसते.

यास्तव स्थानिक संस्थांनी काही गोष्टी कराव्यात. जुन्या वास्तूंची नोंदवही ठेवावी. मृग नक्षत्रापूर्वी दरवर्षी छप्पर, पन्हळी व भिंती पाहून छायाचित्रांसह नोंद करावी. दोष आढळताच मालकास लेखी कळवावे. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास योजनेत ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते, तिचा उपयोग करावा. वास्तू पाडण्यापूर्वी दुरुस्तीच्या शक्यतेविषयी तज्ज्ञांचे मत घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील वास्तूंची माहिती संकलित करून घ्यावी.

वारशाची कदर करणे हे १९७६ पासून राज्यघटनेनुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. वेळेवर बदललेले एक कौल हाही त्या कर्तव्याचाच भाग होय.