व्यसनाची पावले वेळीच ओळखू या



व्यसन एका रात्रीत घरात शिरत नाही. ते पावलापावलाने येते. ती पावले आपल्याला ऐकू येतात. पण ‘वयच तसं आहे’, ‘कॉलेजचा ताण असेल’ असे म्हणून आपण गप्प बसतो. खर्रा तर आपल्या वऱ्हाडात व्यसन मानलाच जात नाही. पुढे दारू, गांजा, गर्द, खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या गोळ्या कधी आल्या, हे घरच्यांना सर्वांत शेवटी कळते. म्हणून आज या खुणा समजून घेऊ.

१. वागणूक : जुने मित्र तुटतात आणि नवे मित्र घरी येत नाहीत. खेळ, गायनमंडळ, रविवारची मिस्सा यांतले मन उडते. संडास-बाथरूममध्ये फार वेळ जातो. साध्या प्रश्नावर संताप येतो.

२. पैसा : पाकिटातून पैसे कमी होतात. मोबाईल ‘हरवतो’. फीच्या नावाने पुन्हा पुन्हा पैसे मागितले जातात.

३. शरीर : वजन उतरते, झोपेची वेळ उलटी होते. गांजाने डोळे लाल होतात. गर्दने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. सुईचे व्रण झाकण्यासाठी अकोल्याच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला जातो.

४. वस्तू : जळालेली चांदीची पन्नी, काळवंडलेला चमचा, औषधांच्या रिकाम्या बाटल्या.

५. नशा न मिळाल्यास : गर्द घेणाऱ्याला जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, अंग मोडून येते. हे सर्दीतापासारखे दिसते, पण तासभर बाहेर जाऊन आला की बरे होते. दारू पिणाऱ्याचे हात सकाळी थरथरतात.

एखादी खूण दिसली म्हणजे व्यसनच आहे असे नाही; दुसरा आजार किंवा दुःखही असू शकते. पण अनेक खुणा एकत्र दिसल्या आणि आठवडेच्या आठवडे टिकल्या, तर डोळेझाक करू नये.

मग काय करावे? तो शुद्धीत असताना, एकांतात बोलावे. ‘तू वाया गेलास’ असे न म्हणता, ‘या महिन्यात तीनदा पैसे गेले, तुझं वजन उतरलं, आम्हाला काळजी वाटते’ असे जे पाहिले तेच सांगावे. त्याची उधारी फेडू नये, त्याच्यासाठी खोटे बोलू नये. खोलीत कोंडून व्यसन सोडवू नये. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर पहिल्या काही दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. गर्द काही दिवस सुटल्यावर पूर्वीचेच प्रमाण घेतले, तर तेही प्राणघातक ठरते.

व्यसन हा आजार आहे. अमरावतीला इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पोलिसांच्या भीतीने थांबू नये. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम ६४अ नुसार, थोड्या प्रमाणातील अमली पदार्थाच्या प्रकरणात स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

लाज वाटत असेल तर फादर जो परेरा आठवावेत. स्वतः दारूच्या व्यसनातून सावरलेल्या या धर्मगुरूंनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. या दोन्ही ठिकाणांहून असंख्य माणसे सावरून घरी परतली आहेत.

अमली पदार्थांचे सेवन हे गंभीर पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. पण पाप्याला टाकून द्या, असे ती शिकवत नाही. लूकच्या १५ व्या अध्यायातील पिता पाहा. मुलगा दूरदेशी उपाशी होता, तेव्हा पित्याने मागून पैसे पाठवले नाहीत. पण घराचे दार बंद केले नाही आणि वाटेवरची नजरही काढली नाही. म्हणूनच मुलगा दूर असतानाच त्याने त्याला ओळखले. पैशांची थैली बंद आणि दार उघडे, हीच आपली वाट आहे.

चिंतनासाठी :
१. आपल्या घरातील कोणती खूण आपण पाहूनही टाळत आहोत?
२. शेजारच्या अशा कुटुंबाविषयी आपण कुजबुजतो, की त्यांच्या घरी जातो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, व्यसनात अडकलेल्या आमच्या प्रियजनांना मुक्त कर. आम्हाला सत्य पाहण्याचे धैर्य आणि वाट पाहण्याचे प्रेम दे. आमेन.