नकार ऐकायलाही शिकव

अगं, जीवनकौशल्यांचा तास तुझ्याकडे आला म्हणून तू धास्तावलीस आणि मला मात्र तुझा फोन ठेवल्यावर आनंद झाला. मुख्याध्यापकांनी ‘तरुण बाई आहेत, मुलं बोलतील’ एवढ्याच विचारानं तो दिला असेल तरी हरकत नाही. तास मिळाला ना, तो सोडू नकोस. पोर्शन मागे पडला की सगळ्यात आधी याच तासावर गणिताचे सर हक्क सांगतील, तेव्हा तो आत्ताच वेळापत्रकात पक्का करून घे.

तुझ्या हातातल्या पुस्तिकेत दहा कौशल्यं दिली असतील. स्व-जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, संवाद, परस्परसंबंध, भावनांचं समायोजन, ताणाचं समायोजन. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात ही यादी केली. यादी चांगली आहे, पण ती फळ्यावर लिहून व्याख्या उतरवून दिल्यास, तर मुलं पाच मार्कांचा प्रश्न म्हणून पाठ करतील आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना ढकलतील. ते तुला नको आहे.

मला विचारशील तर वर्षभरात एकच गोष्ट नीट शिकवता आली तरी पुरे. नकार ऐकून घेणं. आपण मुलींना ‘नाही म्हणायला शिका’ असं इतकी वर्षं सांगत आलो. तेही हवंच. पण समोरच्याला ते ऐकताच येत नसेल, तर त्या बिचारीनं ‘नाही’ म्हणून करायचं काय? सगळा भार तिच्याच खांद्यावर का? फेब्रुवारी २०२०मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून भररस्त्यात पेटवून दिलं, तुला आठवत असेल. ज्यानं हे केलं तोही कधीतरी शाळेत गेलाच असेल. एखादा तास मिळाला असता तर तो बदलला असता असं मी म्हणणार नाही. पण नकार मिळाला म्हणजे आपली इज्जत गेली असं ज्या मुलाला वाटतं, त्याच्याशी कुणीतरी वेळेवर बोलायला हवं, आणि आठवी-नववीच्या वर्गात ते कुणीतरी म्हणजे तू आहेस.

आणि हे फक्त अशा भयंकर घटनांपुरतं नाही गं. रोजचं बघ. एखादा मुलगा स्टँडवर मुलीच्या मागे लागतो, मित्रांकरवी निरोप पाठवतो, भिंतीवर दोघांची नावं लिहितो. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर काय होईल हे तिला पक्कं माहीत असतं. एसटीचा मोफत पास हातात असतानाही तिची शाळा बंद होते. मग स्थळं बघायला सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. गरिबी, ऊसतोडीचं स्थलांतर, हुंडा अशी त्यामागे पुष्कळ कारणं आहेत, पण ‘मुलीचं काही वाकडं व्हायच्या आत उजवून टाकू’ ही भीती त्यात असतेच. म्हणजे एका मुलाला नकार पचला नाही, तर किंमत एका मुलीच्या दहावीनं मोजली जाते. हे मुलांना सरळ सांग. त्यांना खरंच माहीत नसतं. ‘मी काय केलं, नुसतं विचारलं तर’ असं त्यांना मनापासून वाटत असतं.

आता करायचं कसं, ते सांगते. प्रेमापासून सुरुवात करू नकोस. पहिले दोन-तीन तास साध्या वस्तू घे. जोड्या लावायच्या. एकानं मागायचं: सायकल दे, प्रयोगवही दे, डब्यातला लाडू दे. दुसऱ्यानं नाही म्हणायचं, कारण न देता. पहिल्यानं फक्त ‘बरं’ म्हणायचं आणि तिथंच उभं राहायचं. खोटं वाटेल, पण मुलांना हे फार जड जातं. कुणी हसतं, कुणी ‘का पण?’ म्हणून हुज्जत घालतं, कुणी रागानं तोंड फिरवतं. लगेच थांबव आणि विचार, आत्ता आत काय झालं? कान गरम झाले? पोटात गोळा आला? सगळे बघताहेत असं वाटलं? आपल्या मुलांना ‘राग आला’ यापलीकडे शब्दच दिलेले नसतात. अपमान, लाज, हेवा, एकटेपणा ही नावं त्या तासाला त्यांच्या तोंडी येऊ देत. ज्याला ‘मला लाज वाटली’ म्हणता येतं, त्याला हात उगारायची गरज जरा कमी पडते, हे मी वर्गात पाहिलं आहे. मग जोड्या उलट कर. ज्यानं मागितलं त्यानं आता नाकारायचं. नकार देणाऱ्यालाही किती धाकधूक होते, हे तेव्हा कळतं.

मग पुढच्या तासांना मैत्रीतला नकार घे. ‘आज मी तुझ्याबरोबर येणार नाही,’ ‘हा फोटो ग्रुपवर टाकू नकोस.’ वर्ग मोकळा झाला की प्रेमातला. त्या वेळी तीन गोष्टी ठाम सांग: पुन्हापुन्हा विचारायचं नाही, मित्राला मध्यस्थ म्हणून धाडायचं नाही, तिचं किंवा त्याचं नाव कुठे पसरवायचं नाही. आणि गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. सिनेमातला नायक ती हसेपर्यंत मागे फिरतो आणि शेवटी ती हसते. तो प्रसंग मुलांनाच विचारून उलट करून घे. ती घरी गेल्यावर तिला काय वाटलं असेल, हे मुलग्यांना बोलू दे. कायदाही सांग. मुलीनं नको म्हटल्यावरही पाठलाग करणं २०१३पासून गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पण कायदा शेवटी सांग, आधी नको. भीतीनं गप्प बसलेला मुलगा आणि समजून मागे फिरलेला मुलगा, यांत फार फरक असतो.

मुलग्यांना एकटं पाडू नकोस बरं का. नकार मुलींनाही मिळतात, त्याही रडतात, त्याही कधी सूड म्हणून अफवा उठवतात. आणि नकार मिळालेल्या मुलाचं दुःख खरं असतं. रड, दोन दिवस गप्प बस, मैदानावर जाऊन धाव, जवळच्या मित्राशी बोल, हे सगळं चालतं असं त्याला कुणीतरी म्हणायला हवं. फार खोल गेल्यासारखा वाटला तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक मोफत आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेव, म्हणजे कुणाला मागावा लागणार नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो तुझ्याबद्दल आहे. कुणी म्हणालं, ‘मॅडम, मला पुढे यायचं नाही,’ तर तू ‘बरं’ म्हण. ‘लाजतोस काय मुलीसारखा’ हे तर चुकूनही नको. या तासाला कुणालाही सक्तीनं बोलतं करायचं नाही. नकार कसा घ्यायचा हे मुलं पुस्तिकेतून नाही, तुझ्या चेहऱ्यावरून शिकतील.

मुंबईत २००८मध्ये महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी ‘जेम्स’ नावाचा प्रयोग सुरू झाला होता. कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी मिळून केलेला. काही शाळांत नुसती मोहीम, काहींत मोहिमेबरोबर वर्गात गटचर्चा आणि खेळ. जिथे वर्गात बसून बोलणं झालं, तिथल्या मुलांच्या विचारांत जास्त फरक पडला. म्हणून एका दिवसाच्या शिबिरावर आणि बाहेरून आलेल्या वक्त्यावर सगळं सोपवू नकोस. पाहुणे टाळ्या घेऊन जातात. मुलांच्या ओळखीची तू आहेस.

एक पेटीही ठेव, नाव न घालता प्रश्न टाकायची. ही काही नवी पाश्चात्त्य टूम नाही, कुणी तसं म्हटलं तर सांग. र. धों. कर्वे १९२७पासून लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते आणि त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला भरला गेला आणि १९३४मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. लोक विचारतात तर त्यांना उत्तर मिळायला हवं, हा आग्रह आपल्याच मातीतला आहे. तरी २००७मध्ये किशोरवयीन शिक्षणाला राज्यात विरोध झाला आणि ते थांबवलं गेलं, हेही लक्षात ठेव. म्हणून आधी पालकसभा घे. आयांना पुस्तिका दाखव, पानं उघडून दाखव. ‘तुमच्या मुलीच्या मागे कुणी लागू नये म्हणून हा तास आहे’ एवढं म्हटलंस तरी निम्मा विरोध विरघळतो.

आणि एक, हे अगदी मनावर कोरून घे. एखादं मूल तुला काही सांगायला आलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणालं, तर ते वचन देऊ नकोस. ‘मी तुझ्या बाजूनं आहे, पण तू सुरक्षित राहावीस म्हणून मला काही लोकांना सांगावं लागेल’ असं आधीच म्हण. पोक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुझ्यावर तर आहेच. शाळेची बदनामी, गावाचा दबाव, काहीही आडवं येवो. खोदून खोदून विचारू नकोस, ते काम तुझं नाही. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव, १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक लक्षात ठेव, नाव कुठेही फोडू नकोस, स्टाफरूममध्ये तर अजिबात नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत असायला हवी. तुमच्याकडे ती कागदावर आहे की खरी, हे याच आठवड्यात बघ. नसेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी माग. तोंडी नको, लेखी.

पेटी ठेवलीस की पहिल्याच वेळी चिठ्ठ्यांचा ढीग येईल. काही चावट असतील, त्या बाजूला ठेवून पुढच्या तासाला शांतपणे घ्यायच्या. काहींची उत्तरं तुला येणार नाहीत. त्या चिठ्ठ्या शनिवारी मला वाचून दाखव, आपण दोघी बसून उत्तरं तयार करू.