कर्ज-ए-हसना आणि आपल्या वस्तीतील लहान व्यापारी

अल्लाहने व्यापार वैध ठरविला आहे आणि व्याज निषिद्ध केले आहे, हा दिव्य कुरआनचा आदेश (२:२७५) आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असतो. जुम्याच्या प्रवचनात आपण तो अनेकदा ऐकतो. परंतु या आदेशाचे दोन भाग आहेत, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. व्याज टाळा, एवढेच सांगून ही आयत थांबत नाही. व्यापाराचा मार्ग मोकळा असल्याचेही ती त्याच वेळी सांगते. मग वाचकहो, ज्याच्याजवळ भांडवलच नाही, त्याने व्यापार कशाच्या बळावर करावा? या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्याजवळ चार पैसे शिल्लक आहेत, त्यांच्यावर येते.

आपल्या बाजाराचे चित्र

अमरावतीचा इतवारा असो की अकोल्याचा जनता भाजी बाजार, तेथे हातगाडीवर फळे विकणारे बागवान, बांगड्या विकणारे मन्यार, गाद्या भरून देणारे पिंजारी हे सारे आपलेच लोक आहेत. त्यांच्या अंगी मेहनत आहे, मालाची पारख आहे, ग्राहकाशी बोलण्याची हातोटी आहे. उणीव असते ती केवळ थोड्या रोख रकमेची.

समजा, एका फळविक्रेत्याने पहाटे माल उचलण्यासाठी सावकाराकडून हजार रुपये घेतले. शंभर रुपये आधीच कापून हातावर नऊशे ठेवण्यात आले आणि सायंकाळी पूर्ण हजार परत करण्याचे ठरले. वर्षातील तीनशे दिवस हा व्यवहार चालला, तर नऊशे रुपयांच्या वापरासाठी तो तीस हजार रुपये व्याज भरतो. एवढी रक्कम त्याच्या घरी राहिली असती, तर त्याला पुढे कर्ज काढावेच लागले नसते. आपण त्याला सांगतो की व्याज हराम आहे. तो मान खाली घालून ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच सावकाराकडे जातो. कारण त्याला दुसरे दार आपण दाखविलेलेच नसते.

वऱ्हाडाला हे दुःख नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला विलक्षण भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि कापूस पिकविणाऱ्यांच्या माथी कर्ज राहिले. पुणे जिल्ह्यात १८७५ साली सुपे येथे शेतकरी सावकारांच्या वह्यांवर तुटून पडले. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कर्जाच्या फासातून माणसाला सोडविण्याची गरज सर्वांनाच पटलेली आहे. इस्लामने ती चौदाशे वर्षांपूर्वीच उपासनेच्या पातळीवर नेऊन ठेवली.

कर्ज-ए-हसना म्हणजे काय?

दिव्य कुरआनमध्ये अल्लाहला उत्तम कर्ज देणाऱ्यास ते अनेक पटींनी वाढवून परत मिळेल, अशा आशयाचे वचन आहे (२:२४५). तेथे मुख्यतः अल्लाहच्या मार्गात खर्च करणे अभिप्रेत आहे. गरजूला कोणताही लाभ न घेता दिलेल्या उसन्या रकमेलाही उम्मतने हेच नाव दिले, यावरून या कार्याची थोरवी लक्षात यावी. आपल्या मराठीत त्यासाठी ‘हातउसने’ हा सोपा शब्द आहे: जेवढे घेतले, तेवढेच परत.

दानात घेणाऱ्याचा हात खाली असतो. हातउसन्यात तो ताठ मानेने घेतो आणि ताठ मानेने परत करतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यासाठी आले, ही हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. प्रेषितांनी त्यांच्या घरातील एक अंथरुण-पांघरुणाचे कापड आणि एक पेला मागवून दोन दिरहमांना विकला. एका दिरहमाचे धान्य घरी द्यायला लावले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला आपल्या हातांनी दांडा बसवून दिला. पंधरा दिवस लाकडे तोडून विकल्यावर त्या गृहस्थांजवळ दहा दिरहम जमा झाले. येथे कर्ज नव्हते. परंतु मागणाऱ्या हाताला कामाचे साधन देणे अधिक चांगले, हा धडा स्पष्ट आहे. वस्तीतील किती हातांना अशा कुऱ्हाडीची प्रतीक्षा आहे, याचा विचार करा.

देणाऱ्याची कर्तव्ये

१) व्यवहार लिहून ठेवा. दिव्य कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) कर्जाच्या नोंदीविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. आपला माणूस आहे, कशाला लिहायचे, हा मोठेपणा नव्हे. याच ढिलाईतून सख्ख्या भावांत वैर उत्पन्न होते.

२) कर्जाच्या मोबदल्यात कोणताही लाभ ठरवून घेऊ नका. फुकट माल, स्वस्त मजुरी, अशी अट घातली की ते नाव बदललेले व्याजच होय. संस्थेच्या वह्या व कारकुनाचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घेता येतो. इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ साली अम्मान येथे हीच मर्यादा घालून दिली: शुल्क प्रत्यक्ष खर्चाइतकेच असावे, त्याहून अधिक घेतल्यास ते व्याज ठरते.

३) कर्जदार खरोखर अडचणीत असेल, तर त्याला सवड द्या, माफ केले तर ते अधिक चांगले (२:२८०).

४) तारण घेण्यास हरकत नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) आपले चिलखत मदीनेतील एका यहुदी गृहस्थाकडे गहाण ठेवून घरासाठी जव घेतले होते. धर्म निराळा म्हणून देवाणघेवाण निषिद्ध होत नाही. म्हणून त्याच बाजारात शेजारी गाडी लावणाऱ्या हिंदू बांधवाचीही गरज आपल्या विचारात असावी.

घेणाऱ्याची कर्तव्ये

हातउसने देणारे हात का आखडतात, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अनेकांना एकदा दिलेले पैसे परत मिळालेले नसतात. व्याज नाही म्हणून घाई नाही, ही वृत्ती घोर अन्यायाची आहे. ऐपत असून परतफेड लांबविणे हा जुलूम होय, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. एका मृत व्यक्तीवर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काहीच नव्हते, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिची जनाजाची नमाज स्वतः पढविण्याचे थांबविले, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्यावर घेतल्यानंतरच ती अदा केली. उशिरा येणारा प्रत्येक हप्ता रांगेतील पुढच्या गरजूचा घास अडवून ठेवतो, हे कर्जदाराने विसरू नये.

हे शक्य आहे काय?

होय. इजिप्तमधील नाईल नदीच्या खोऱ्यात, आपल्या वऱ्हाडासारख्याच कापसाच्या मुलखात, मीत गम्र नावाचे गाव आहे. १९६३ साली डॉ. अहमद अल-नज्जार यांनी तेथे बिनव्याजी बचत बँक उभी केली. शेतकरी व कारागीर आपली लहानसहान बचत तेथे ठेवीत आणि त्यातूनच गावकऱ्यांना भांडवल मिळे. तो प्रयोग १९६७ पर्यंतच चालला, पण आधुनिक इस्लामी बँकांचा प्रारंभ त्यालाच मानतात. आपल्या देशातही १९६१ मध्ये देवबंद येथे मुस्लिम फंड सुरू झाला. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरविले. त्यामुळे वस्तीपातळीवरील प्रयत्नांचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

हिशेब अवघड नाही. वीस कुटुंबांनी प्रत्येकी पाच हजार रुपये या कामी दिले, तर एक लाख होतात. त्यातून दहा जणांना प्रत्येकी दहा हजार मिळतील. रोज शंभर रुपये परत केले, तर शंभर दिवसांत कर्ज फिटते. वर्षात अशा तीन फेऱ्या झाल्या, तर त्याच एका लाखातून तीस व्यवसायांना आधार मिळतो आणि मूळ रक्कम शिल्लक राहते.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवाव्यात. लोकांच्या ठेवी स्वीकारायच्या असतील, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये पतसंस्थेची रीतसर नोंदणी करून सभासदांपुरताच व्यवहार ठेवावा आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत. दुसरे असे की, जकात या निधीत मिसळू नये. हनफी फिक्हनुसार जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. बुडीत कर्ज नुसते माफ करून ते जकातीत धरता येत नाही. मात्र जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा समावेश आहे (९:६०). अशा व्यक्तीला जकात देऊन टाकावी; तिने त्यातून आपले कर्ज फेडावे. आपल्या भागातील आलिमांचा सल्ला अवश्य घ्यावा.

वाचकहो, रमजानमध्ये आपले हात मोकळे असतात, ही अल्लाहची कृपा आहे. उरलेल्या अकरा महिन्यांत पहाटे सावकाराच्या दाराशी उभ्या असलेल्या आपल्या भावासाठीही एक वही उघडा, त्यात पहिले नाव लिहा आणि व्याजाच्या रकान्यावर रेघ ओढा. व्याज हराम आहे, हे सांगण्याचा अधिकार तेव्हा आपल्या जिभेला खऱ्या अर्थाने लाभेल.

अल्लाह आपणा सर्वांना देण्याची उदारता आणि फेडण्याची प्रामाणिकता प्रदान करो. आमीन.