पुराची रेघ

हेरफर्ड,
आषाढी एकादशी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली जाहिरात चष्मा पुसून दोनदा वाचली. वाय नदीच्या काठी जुनं दगडी कॉटेज, मागे चार एकर जंगल, शिवाय मासेमारीचे हक्क. फोटोंत ब्लूबेल फुललेत, पाण्यावर ऊन खेळतंय. खाली तू लिहिलंयस, "मावशी, मन बसलं. सोमवारी ऑफर देतो. आईला तूच सांग." तुझ्या आईचं नंतर बघू. आधी तुझ्याशी बोलते.

सांगलीच्या वाड्यात जिन्याशेजारी तुझ्या आजोबांनी गेरूने ओढलेली रेघ आठवते? ती २००५ च्या पुराची. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा ती रेघ बुडाली. पाणी ओसरल्यावर आजोबांनी तिच्या वर दुसरी ओढली. ते गेले, वाडा विकायला काढला आणि आम्ही दोघी बहिणींनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्या भिंतीला रंग दिला. कुणाला फसवायचं मनात नव्हतं. घर नीटनेटकं दिसावं, एवढंच. गिऱ्हाईक आलं, पांढरी भिंत बघून खूश झालं. रेघेबद्दल त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुला एवढंच सांगायचंय, की जाहिरात म्हणजे रंगवलेली भिंत. तिच्याखालची रेघ आपणच शोधायची असते.

आधी नदी. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळात वाय हेरफर्डला इतकी चढली, की तेवढं पाणी इथल्या नोंदीत पूर्वी कधी नव्हतं. या नदीचं वागणं आपल्या कृष्णेसारखंच आहे. कोयनेकडे पाऊस कोसळतो आणि सांगलीत ऊन असताना घाट बुडतात, तसं इथे आभाळ निवळलेलं असतं आणि वेल्सच्या डोंगरातलं पाणी वर वर येत असतं. सरकारी नकाशावर घर पूरक्षेत्र तीनमध्ये आहे का ते बघ. तिथे नदीला पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक किंवा त्याहून जास्त धरतात. शंभर वर्षांतून एकदा, असा त्याचा अर्थ लावून स्वस्थ बसू नकोस. गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची पाळी टळत नाही.

विम्याचंही तसंच. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून 'फ्लड री' योजना आहे, २००९ पूर्वी बांधलेल्या घरांसाठी. तुझं घर त्यात बसेल. पण योजना २०३९ मध्ये संपणार आहे आणि कर्ज तू पंचवीस वर्षांचं काढतोयस. पुढची वर्षं कोण सांभाळणार, हे बँकेला विचारून ठेव.

आणि नदी 'आपली' म्हणजे किती आपली? काठ ज्याचा त्याचा मध्यधारेपर्यंतचा तळ, असं इथला कायदा साधारण धरून चालतो. पाणी मात्र कुणाचंच नाही. हे-ऑन-वाय गावच्या पुलापासून खाली नावा नेण्याचा सगळ्यांचा हक्क १६९५ च्या कायद्यापासून चालत आलाय. तू चहा घेत बसशील आणि समोरून कनू हाकत पोरंटोरं हात हलवत जातील. त्यांना अडवता येणार नाही. काठापासून आठ मीटरच्या आत भिंत किंवा धक्का बांधायचा तर बहुधा एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची परवानगी लागेल. काठ मोकळा ठेवायची जबाबदारी मात्र तुझी.

आता मासे. कोकणात जमीन एकाची नि त्यातला आंबा दुसऱ्याचा, हे तुला ठाऊक आहे. इथेही काठ एकाचा आणि मासे धरण्याचा हक्क दुसऱ्याचा, असं होतं. तो हक्क वेगळा विकता येतो, गळवाल्यांच्या क्लबाला भाड्याने देता येतो. म्हणून सॉलिसिटरला लँड रजिस्ट्रीतला उतारा नीट वाचायला सांग. हक्क किती मीटरचा, एका काठाचा की दोन्ही, आणि आधीच कुणाला दिलेला तर नाही ना, हे सगळं कागदावर हवं. हक्क असला तरी स्वतःच्या काठावर गळ टाकायलासुद्धा तुला परवाना काढावा लागेल. १५ मार्च ते १४ जून नदीतल्या बऱ्याच जातींची मासेमारी बंद असते. सॅमन गळाला लागला तर परत पाण्यात सोडायचा, हा इथला नियम. रवा लावून तळलेल्या सॅमनचं स्वप्न तुझे काका आतापासून बघतायत. त्यांना हे तूच सांग. शिवाय नदी आजारी आहे. कोंबड्यांच्या खतातलं फॉस्फरस पावसाने वाहून येतं, पाणी शेवाळतं. २०२३ मध्ये 'नॅचरल इंग्लंड'ने वायची प्रकृती खालावत चालल्याचं नोंदवलं.

जंगलाबद्दल थोडक्यात. सरपणासाठी तीन महिन्यांत पाच घनमीटरपर्यंत लाकूड विनापरवाना तोडता येतं, त्यातलं दोनच विकता येतं. त्यापुढे परवाना. झाडं संरक्षित ठरवलेली असतील तर तेवढंही नाही. त्यात ॲशची झाडं किती ते मोज. २०१२ मध्ये या देशात सापडलेल्या बुरशीने ती वाळतात आणि ठिसूळ होऊन पडतात. जंगलातून सार्वजनिक पायवाट जात असेल, तर वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडू नये हे तुला बघावं लागेल. सेप्टिक टँकचं पाणी थेट नदीत जात नाही ना, तेही विचार. इंग्लंडमध्ये २०२० पासून ते चालत नाही. आणि बर्मिंगहॅमचा फ्लॅट ठेवून हे घेणार असशील तर स्टॅम्प ड्यूटीत किमतीच्या पाच टक्क्यांची भर पडेल.

घर घेऊच नकोस, असं मी म्हणत नाही. नदीकाठी वाढलेल्या माणसाला नदीची ओढ काय असते, ते मला नको शिकवूस. सोमवारी हवी तर ऑफर दे. करारांच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत इथे दोन्ही बाजू मोकळ्या असतात. तोवर नोव्हेंबरातला एखादा भिजका दिवस बघ. गमबूट घालून आपण दोघं जाऊ. एजंट नको. शेजारच्या शेतावरच्या म्हाताऱ्याला विचारू, वीस साली पाणी कुठवर आलं होतं. तो बोटाने दाखवेल.

घर घेतलंसच, तर आधी ती रेघ जिन्याशेजारी गेरूने ओढ. गेरू मी देते, आजोबांच्या डब्यातला थोडा उरलाय. आणि पुढे कधी विकायला काढलंस, तर त्या भिंतीला रंग देऊ नकोस.

तुझी,
मावशी