किनाऱ्याचे दोन शब्दकोश : कळंगुटच्या निमित्ताने

गावाचे परिवर्तन इमारतींच्या संख्येवरून मोजता येते. तसे ते त्या गावाविषयी रूढ झालेल्या शब्दांवरूनही ओळखता येते. बार्देश तालुक्यातील कळंगुट-कांदोळीचा किनारा या दुसऱ्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

जुन्या किनाऱ्याचा शब्दकोश श्रमाचा आणि नात्यांचा होता. रापण म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढावयाचे मोठे जाळे. त्यात सापडलेल्या बांगड्या-तारल्यांचे वाटे होत. वाळू ही पहुडण्याची नव्हे, राबण्याची जागा होती. तिच्यामागे माडांची भाटे, त्यांचा धनी भाटकार आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार. ही व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नव्हे. घर केव्हा सोडावे लागेल याची धास्ती मुंडकाराला असे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण दिले, घर विकत घेण्याचा मार्गही खुला केला.

परंतु याच सुमारास जमिनीचे मोल बदलू लागले होते. १९६१ च्या मुक्तीनंतर, साठीच्या दशकाच्या अखेरीस, या किनाऱ्यावर हिप्पी आले. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्यालगत ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून दाबोळीस परदेशी चार्टर विमाने उतरू लागली. राहत्या घरातील खोल्या पाहुण्यांना देऊन अनेक कुटुंबांनी बरे दिवस पाहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र पुढे सदनिकांची संकुले आली आणि जमिनीला उत्पन्नावरून नव्हे, समुद्र किती दिसतो यावरून भाव येऊ लागला. माड देणारे भाट आणि ‘सी व्ह्यू’ देणारा भूखंड ही एकाच जमिनीची दोन नावे. पण पहिल्या नावात राबणारा माणूस गृहीत आहे, दुसऱ्यात केवळ पाहणारा. वर्षातून काही आठवडे उघडणारी घरे वाढली, की गावात घरे वाढतात, शेजार वाढत नाही.

येथे साहित्याभ्यासकासमोर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. जाहिरातीने आपली भाषा आणली कोठून? माड, लाटा, चांदणे ही तर काव्याचीच सामग्री. बोरी गावच्या बा. भ. बोरकरांची ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ ही कविता मराठी वाचकाच्या मनातील गोव्याला आकार देणाऱ्या रचनांपैकी एक. तिच्या शीर्षकातील ‘माझ्या’ हे षष्ठ्यन्त सर्वनाम ऋणाचे आहे : मी या भूमीचा, म्हणून ती माझी. सदनिकेच्या जाहिरातीतील ‘आपले स्वप्नातील घर’ यातील ‘आपले’ हे खरेदीखताचे आहे. शब्दसामग्री जवळजवळ तीच, संबंध उलटा.

या संदर्भात पुंडलीक नायक यांच्या ‘अच्छेव’ (१९७७) या कोंकणी कादंबरीशी तुलना उद्बोधक ठरते. तिच्यात खाणीमुळे शेतकरी गाव उद्ध्वस्त होतो. खाणीचा घाव उघडा असतो. लाल धूळ आणि खणलेले डोंगर लपत नाहीत. पर्यटनाचा व्यवहार मात्र सौंदर्याचाच असल्याने त्याने केलेली हानी सौंदर्याच्या आड राहते. म्हणून शोकात्म वास्तववाद खाणीला पुरतो, किनाऱ्याला पुरत नाही. येथे लेखकाला आपल्या आवडत्या विशेषणांकडेच संशयाने पाहावे लागते.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढा दिला व १९८० मध्ये सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध आणले. अशा तरतुदींनी वाळूची रुंदी राखता येईल; रापण, भाट, मुंडकार या शब्दांतील अनुभव त्यांनी राखला जाणार नाही. हे शब्द तळटीपेत ढकलावयाचे की कथनाच्या केंद्रस्थानी ठेवावयाचे, हा निर्णय लेखकाचा, अनुवादकाचा आणि समीक्षकाचा आहे. ते तळटीपेत गेले, तर उद्याच्या वाचकाला किनारा समजेल तो केवळ खिडकीतून दिसणारा.