हरकत आहे? मग नीट लिहा!

'हरकती व सूचना' हे शब्द तुम्ही पेपरात बारीक अक्षरातल्या जाहिरातीत पाहिले असतील आणि पान उलटलं असेल. मीही तेच करायचे. मी पडले कॉन्व्हेंटची, 'प्रारूप' म्हणजे काय हेसुद्धा बाबांना विचारावं लागलं. प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा. तो कच्चा असतो तोवरच आपल्या बोलण्याला किंमत असते, हा धडा मात्र मी स्वतःच्या अनुभवातून शिकले.

आधी थोडी थिअरी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा विकास आराखडा बनतो. क्रम साधारण असा :

१) आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो.
२) जमिनीच्या सध्याच्या वापराचा सर्व्हे होतो.
३) प्रारूप प्रसिद्ध होऊन कलम २६ खाली हरकती व सूचना मागवल्या जातात.
४) नियोजन समितीपुढे सुनावणी होते.
५) शेवटी राज्य शासनाची मंजुरी.

आता उदाहरण. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या! वादाचा एक मुद्दा होता मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत ४ एफएसआय देण्याचा. म्हणजे १००० चौ.मी. प्लॉटवर ४००० चौ.मी. बांधकाम. रस्ता तोच, ड्रेनेज लाइन तीच, माणसं मात्र कितीतरी जास्त.

इथे आपलं गणित कामाला येतं. दोन्हीकडे ५०० मीटर धरले तर दर किलोमीटरला १०० हेक्टरचा पट्टा होतो. स्टेशनभोवती ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ७८.५ हेक्टर. स्टेशनं दोन किलोमीटरवर असतील तर पट्टा २०० हेक्टर, वर्तुळ मात्र तेवढंच. वर्तुळाबाहेरच्या माणसाला स्टेशन लांब पडणार. तो चालत जाईल की बाइक काढेल? पुढे २०१९ मध्ये शासनाचं धोरण आलं, त्यात अंतर स्टेशनपासून मोजलं गेलं. नकाशावरची रेघ बदलू शकते, ती अशी.

आता आमची गोष्ट. आमच्या गावातला मुख्य रस्ता रुंद होणार असं प्रारूपात आलं. आजोबांचं दुकान त्याच रस्त्यावर. कॉलनीतल्या चाळीस घरांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या केल्या : 'आमचा रस्ता रुंदीकरणास विरोध आहे.' सुनावणीत साहेबांनी शांतपणे विचारलं, "आत्ता रस्ता किती मीटर आहे? किती झालेला चालेल?" सगळे गप्प! मी सिव्हिलची, टेप घरात, तरी मीसुद्धा गप्प. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, वळणावर दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, आधी ते बघा." साहेबांनी लगेच नकाशा पुढे केला, "कुठे? खूण करा." काकूंना नकाशा वाचता येईना, आणि मी पुढे होईपर्यंत पुढचा नंबर पुकारला गेला. त्या दिवशी आजोबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून हरकत लिहिताना एवढं लक्षात ठेवा :

• सर्व्हे नंबर आणि रस्त्याचं नाव लिहा.
• स्वतः मोजलेली रुंदी, साचणाऱ्या पाण्याची उंची, गर्दीच्या तासातल्या गाड्या, असे आकडे द्या.
• नकाशाच्या प्रतीवर जागा दाखवा, फोटो जोडा.
• 'नको' म्हणालात तर त्याऐवजी काय, तेही सांगा.
• मुदतीत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा.

वळणावर पाणी कुठे साचतं हे काकूंना माहीत असतं, आणि ते नकाशावर कसं दाखवायचं हे आपल्याला. आपण सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल जर्नल पूर्ण करण्यापुरतं करतो. पुढच्या वेळी गल्लीत नोटीस लागली की टेप घेऊन बाहेर पडा. मी तर पडणारच आहे!

– तृतीय वर्ष, स्थापत्य