उच्च रक्तदाब आणि औषधातील लवण

आजऱ्याच्या घनसाळ भातासोबत ताटात येणारे लोणचे, पापड, सुकी मासळी रक्तदाबाच्या रुग्णास आपण वर्ज्य सांगतो. सैंधवास मात्र मोकळीक देतो. वस्तुतः सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग निषिद्ध मानला आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. लवणभास्कर चूर्णात चार लवणे मिळून सुमारे दोन-पंचमांश भाग भरतो. 3 ग्रॅम दोन वेळा दिल्यास त्यातूनच जवळजवळ अडीच ग्रॅम लवण पोटात जाते. अग्नी दीप्त झाला, दाबही चढला! म्हणून औषधविक्रेते बंधूंनी हे चूर्ण देण्यापूर्वी रक्तदाबाची चौकशी अवश्य करावी. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठही वृक्कविकाराच्या रुग्णास सुचवू नये.